बालनायकांचे वाढते वय

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा बनेश फेणे हा मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांचा सोबती आहे. काटकुळी अंगकाठी, चौकड्यांचा शर्ट, हाताशी सायकल आणि काही सुचले की तोंडातून निघणारा ‘ट्टॉक’ असा आवाज, एवढ्या भांडवलावर भा. रा. भागवतांनी सुमारे वीस पुस्तकांची मालिका उभी केली. भागवतांचा जन्म १९१० सालचा आणि तोही इंदूरचा. मध्य प्रदेशातील मराठी माणसाने त्यांच्यावर थोडा अधिक हक्क सांगितला, तर पुणेकरांनी रागावू नये. पुस्तकांची नावे पाहिली तरी बनेशची धामधूम ध्यानात येते. कधी तो चक्रीवादळात सापडतो, कधी रणांगणावर पोहोचतो, कधी विमानचोरांच्या मागे लागतो. एवढे सगळे घडूनही त्याचे वय वाढले नाही. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला विद्यार्थी तो विद्यार्थीच राहिला. १९८७ साली दूरदर्शनवर त्याची मालिका आली आणि सुमीत राघवन याने ती भूमिका केली, तेव्हाही तो शाळकरीच होता.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी, भागवतांच्या सोळाव्या पुण्यतिथीला, ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बनेश एकदम मोठा झाला. आदित्य सरपोतदार यांचे दिग्दर्शन, क्षितिज पटवर्धन यांचे लेखन आणि बनेशच्या भूमिकेत अमेय वाघ. हा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठी पुण्यात येतो. परीक्षेच्या वेळी ओळख झालेला एक तरुण लगेचच मृतावस्थेत सापडतो. सगळे त्याला आत्महत्या म्हणून मोकळे होतात. बनेशला ते पटत नाही, आणि माग काढता काढता तो प्रवेशपरीक्षांच्या बाजारापर्यंत जाऊन पोहोचतो. गिरीश कुलकर्णी यांनी रंगवलेला खलनायक पाहून मोठ्यांच्याही अंगावर काटा येतो. दिलीप प्रभावळकर यांनी भागवतांचेच नाव धारण केलेला वृद्ध उभा केला आहे, हा निर्मात्यांनी मूळ लेखकाला केलेला नमस्कार.

चित्रपट पाहून परतलेल्या अनेक घरांत तेव्हा एक प्रश्न निघाला असणार. मुलांसाठी जन्माला आलेल्या नायकाला असे प्रौढ करावे काय? तोच प्रश्न आज जगभर व्हिडिओ गेमच्या संदर्भात विचारला जातो. सर्व कुटुंबाने मिळून खेळावे अशा हेतूने तयार झालेल्या खेळांच्या मालिकांनी आता अधिक गंभीर, अधिक ‘मोठ्यांचे’ व्हावे, अशी मागणी होत असते. ती करणारे बहुधा तेच असतात, जे लहानपणी ते खेळ खेळले आणि आता पंचविशी-तिशीत आहेत.

या सभागृहात १९९० च्या दशकात शिकलेले जे माजी विद्यार्थी बसले आहेत, त्यांना ती पिवळी-काळी कॅसेट आठवत असेल. टीव्हीला जोडायचा तो खेळ कोणा एकाच्या घरी असे आणि उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतली दहा मुले त्याच्या दारात असत. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात खेळ तीस-चाळीसच निघत आणि तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा येत. त्या यादीत १९८५ चा मारिओ असे आणि त्याच्या शेजारीच कॉन्ट्रा असे. एकात कासवांवर उड्या मारायच्या, दुसऱ्यात दोन सैनिकांनी बंदुका घेऊन दिसेल त्याला उडवायचे. कोणता खेळ बाळबोध आणि कोणता प्रौढ, हा भेद कोणत्याही मुलाने केला नाही आणि कोणत्याही पालकानेही केला नाही. पालकांची तक्रार एवढीच, की टीव्ही बिघडेल आणि डोळे जातील.

कॉन्ट्रामधली गोळी लागली की शत्रू नाहीसा होई. रक्त नाही, देह नाही, मागे उरणारे कोणी नाही. जबलपूर हे असे शहर आहे, की येथील मुलांना याहून वेगळी गोष्ट घरातच ठाऊक असायला हवी होती. १९०४ पासून येथे गन कॅरेज फॅक्टरीत तोफांचे गाडे घडत आले, खमरियाला दारूगोळा भरला जातो, आणि शहरातल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा संसार या कारखान्यांच्या पगारावर उभा राहिला. खमरियात कामावर जाणाऱ्या माणसाला काडेपेटी दाराबाहेर ठेवावी लागे. हातातल्या वस्तूने काय होऊ शकते याचे भान त्याला रोज सकाळी आठवून दिले जाई. त्याच्याच घरात नातवाच्या हातातील बंदूक मात्र कोणतेही भान न देता हजारो वेळा चाले. आजोबांनी नातवाला त्या काडेपेटीबद्दल सांगितले असते, तर कॉन्ट्रा बंद पडला नसता. पण नातवाने तो थोडा निराळ्या नजरेने खेळला असता.

खेळ प्रौढ होणे म्हणजे काय, या प्रश्नाशी उद्योगाने आजवर जो व्यवहार केला, त्यात रंगाचे काम फार आणि विचाराचे कमी दिसते. १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ घराघरातल्या यंत्रांवर आला. निन्टेन्डो ही कुटुंबवत्सल कंपनी म्हणून नावाजलेली. तिने आपल्या यंत्रावरील आवृत्तीत रक्ताऐवजी करड्या रंगाचा घाम दाखवला. प्रतिस्पर्धी सेगाच्या यंत्रावर एक गुप्त कळसंकेत दाबला की लाल रक्त दिसू लागे. मुलांनी कोणती आवृत्ती अधिक विकत घेतली, हे सांगायला नको. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोने दुसऱ्या भागात रक्ताला परवानगी दिली. ठोसे तेच, पाडाव तोच. फरक करड्या आणि लाल रंगाचा. याच वादातून अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये तेथे खेळांवर वयोगटाचे शिक्के मारणारी व्यवस्था सुरू झाली.

हीच गोष्ट उलट्या दिशेने भारतात घडली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून पबजीवर बंदी घातली. मुलांच्या मनावर होणारा परिणाम हे त्या बंदीचे कारण नव्हते, तरी कित्येक पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने परतला, तेव्हा गोळी लागल्यावर उडणारा रंग लाल नव्हता, हिरवा होता. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादाही घालण्यात आली. तीन तास ही मर्यादा कोणत्या घरातील वेळापत्रक पाहून ठरवली गेली, हे एक कोडेच आहे. रक्त हिरवे केल्याने खेळ कुटुंबासाठी योग्य झाला, असे मानणे आणि रक्त लाल केल्याने खेळ प्रगल्भ झाला, असे मानणे, या दोन समजुती एकाच जातीच्या आहेत.

‘झेल्डा’ या जपानी खेळमालिकेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. हिरव्या टोपीतला मुलगा तलवार घेऊन राजकन्येच्या मदतीला धावतो, अशी तिची साधी कल्पना. २००० साली एका प्रदर्शनात नायकाची वास्तवासारखी दिसणारी झलक दाखवण्यात आली आणि तरुण चाहते हरखले. पुढच्या वर्षी जेव्हा प्रत्यक्ष नव्या खेळाचे रूप समोर आले, तेव्हा त्यात मोठ्या डोळ्यांचा, व्यंगचित्रासारखा बालक होता. चाहत्यांनी संताप केला. हा पोरकटपणा असल्याचे त्यांचे म्हणणे. २००६ मध्ये कंपनीने त्यांची मागणी पुरी केली. अंधारलेले जग, लांडग्यात रूपांतर होणारा नायक, आणि त्या मालिकेत प्रथमच अमेरिकेत ‘किशोरांसाठी’ असा शिक्का. गंमत अशी, की ज्याला पोरकट म्हटले होते, तोच खेळ पुढे इतका आवडू लागला, की २०१३ मध्ये कंपनीने तो नव्याने सजवून पुन्हा काढला. त्या व्यंगचित्री रूपात बुडालेल्या राज्याची कथा आहे, गेलेल्या काळाला कवटाळून बसलेला म्हातारा राजा आहे, आणि ते सोडून पुढे निघणारी मुले आहेत. चेहरे पाहून रागावलेल्यांना ही प्रौढ गोष्ट दिसायला काही वर्षे लागली.

मराठी वाचकाला हे समजायला इतका वेळ लागू नये. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. महाराष्ट्राबाहेरच्याही मराठी घरांत जे पुस्तक हमखास सापडते, ते हेच. त्यात सावकाराचा तगादा आहे, खालावत गेलेले घर आहे, मुलाची लबाडी आहे, आणि अखेरीस आईचा मृत्यू आहे. एवढे सगळे असूनही ते मुलांच्या हाती द्यायला कोणीही कचरत नाही, कारण त्यातील प्रत्येक कृतीला परिणाम आहे आणि त्या परिणामाच्या वेळी मुलाशेजारी बसलेले एक मोठे माणूस आहे. प्रौढत्व मोजायचे असेल, तर ते येथे मोजावे. खेळांतही असे घडू शकते. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका तरुणाने जवळजवळ एकट्याने तयार केलेला ‘अंडरटेल’ हा खेळ चित्रांच्या दृष्टीने अगदी जुन्या कॅसेटवरचा वाटतो. समोर आलेल्या राक्षसाला मारावे की त्याच्याशी बोलून सोडून द्यावे, हे त्यात खेळणाऱ्याने ठरवायचे असते. ज्याला मारले, त्याची उणीव पुढे त्या गावात जाणवते. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, तरी आधी केलेल्या काही गोष्टी तो विसरत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला याहून प्रौढ काय शिकवणार?

या कसोटीवर २०१७ चा बनेश उतरतो. त्याच्या चित्रपटात हिंसा आहे, पण ती शोभेसाठी नाही. एका मुलाचा जीव गेला आणि त्याची सोयीस्कर नोंद झाली, हे एका मुलाला सहन होत नाही, यावर सारी कथा उभी आहे. जबलपूरच्या प्रेक्षकाला तर त्यात काही परके वाटण्याचे कारणच नव्हते. जुलै २०१३ मध्ये इंदूरला वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षेत दुसऱ्याच्या नावावर बसलेले तोतये पकडले गेले आणि ‘व्यापमं’ हा शब्द देशभर झाला. तपासावर देखरेख होती ती याच शहरातील उच्च न्यायालयाची. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे सोपवला. त्या वर्षांत ज्या घरी थोरला मुलगा किंवा मुलगी बारावीला जीवशास्त्र घेऊन पीएमटीसाठी रात्री जागत होती, त्या घरी जेवताना हाच विषय निघे, आणि पाचवी-सहावीतले धाकटे भावंड पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत असे. ‘हे मुलांसाठी नाही’ असे चित्रपटाबद्दल म्हणण्यापूर्वी, ते मुलांच्या ताटापर्यंत आधीच आलेले होते, याची आठवण ठेवावी लागते. कोणी तरी त्यांना ते नीट, गोष्टीच्या रूपात सांगितले, हे बरेच झाले.

म्हणजे नायक मोठा होऊ द्यावा. मात्र तो मोठा झाल्यावर एक जागा रिकामी होते, तिची चर्चा कोणी करत नाही. बनेश शाळा सोडून प्रवेशपरीक्षेला बसला, तेव्हा विद्याभवनच्या त्या बाकावर नवा कोण येऊन बसला? ज्यांनी लहानपणी त्याच्याबरोबर सायकल पळवली होती, त्यांना चाळिशीत त्याची भेट झाली आणि त्यांचे समाधान झाले. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र त्यात आपल्या वयाचा बनेश मिळाला नाही. तिकिटाचे पैसे मोठ्यांच्या हाती असतात, मोबाईलवरील खरेदी मोठ्यांच्या खात्यातून होते, आणि म्हणून मालिका कोणत्या दिशेने वाढवायची हे त्यांच्याच आवडीने ठरते. धाकट्यांना मागणी करता येत नाही. मिळेल ते ती पाहतात. चाहत्यांनी आपल्या बालपणीच्या खेळाला आपल्याबरोबर वाढवावे ही इच्छा स्वाभाविक आहे, तरी तिच्यात धाकट्या भावाच्या वाट्याचे काढून घेण्याचा थोडा स्वार्थही आहे. थोरल्याचा शर्ट धाकट्याला द्यायचा ही घरोघरची जुनी रीत. येथे थोरला आपलाच शर्ट उसवून मोठा करून घेतो आहे.

महाराष्ट्रात ही उणीव कदाचित फारशी बोचत नसेल. तेथे ‘किशोर’ मासिक आहे, बालनाट्ये आहेत, शेजारीपाजारी मराठी आहे. जबलपुरातील मराठी मूल घराचा उंबरा ओलांडले की हिंदीत शिरते, आणि त्यात वाईट काही नाही. हिंदीने या शहरातील मराठी माणसाला नेहमीच मायेने वागवले. छोटा भीमही त्याला २००८ पासून हिंदीतच भेटतो आहे. पण दुपारच्या वेळी एकटे असताना, कोणाचा डोळा नसताना, ते मूल ज्या भाषेत रमते, ती भाषा पुढे त्याची राहते. व्हिडिओ गेममध्ये मराठीला स्थान जवळजवळ नाहीच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा सुंदर खेळ काढला. धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, मध्ययुगीन राजस्थानसारखे किल्ले, लघुचित्रांची आणि कळसूत्री बाहुल्यांची आठवण देणारी शैली. लढाया आहेत, तरीही ती मुलगी कशासाठी लढते आहे याचा विसर पडत नाही. हा खेळ इंग्रजीत बोलत आला, पुढे त्याला हिंदीची जोड मिळाली. पुण्यात घडलेली मुलगी, आणि जबलपुरातील मराठी मुलाशी बोलते ती हिंदीत! यात कंपनीचा दोष काढणे अन्यायाचे होईल. मराठीत खेळ मागणारे गिऱ्हाईक मराठी पालकांनीच कधी उभे केले नाही.

पालकांच्या बाबतीत आणखी एक निरीक्षण. पालकसभेत मोबाईलचा विषय निघाला की जवळजवळ सारे बोलणे तासांचे असते. किती वेळ द्यावा, कधी काढून घ्यावा, परीक्षेपूर्वी किती दिवस आधी लपवावा. मूल त्या वेळात काय खेळत होते, हे विचारल्यावर बहुतेकांजवळ उत्तर ‘गेम’ एवढेच असते. वेळ मोजायला घड्याळ पुरते. आशय कळायला शेजारी बसावे लागते. प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाच्या नावाखाली ३, ७, १२, १६ किंवा १८ असा वयाचा आकडा दिलेला असतो. चित्रपटांनाही आता ७, १३ आणि १६ वर्षांचे वेगवेगळे शिक्के मिळतात. हे आकडे उपयोगी आहेत, पण ते रक्त, शिव्या, जुगार अशा दिसणाऱ्या गोष्टी मोजतात. खेळ मुलाला काय समजावतो, हरल्यावर कसे वागायला लावतो, पडलेल्याकडे पाहायला शिकवतो की त्याच्या खिशातले उचलायला, हे कोणत्याही आकड्यात येत नाही. अर्धा तास मुलाबरोबर बसून एक डाव हरलेल्या पालकाला ते लगेच कळते. हरणे अपरिहार्य आहे, तेवढी तयारी ठेवावी.

शाळेच्या ग्रंथालयात फास्टर फेणेची जी पुस्तके आहेत, त्यांची बांधणी दोनदा नव्याने करावी लागली. काहींच्या मागच्या पानावर, तारखांच्या शिक्क्यांखाली, आज या सभागृहात पांढऱ्या केसांनी बसलेल्यांची नावे शाईने लिहिलेली आहेत. चौथीच्या मुलांना ती वाचायला दिली, तेव्हा पहिला आठवडा शंकांतच गेला. बनेशजवळ फोन का नव्हता, फुरसुंगी खरोखर आहे की खोटी, आणि ‘ट्टॉक’ नेमके कसे करायचे. तिसऱ्या शंकेचे निरसन वर्गात सर्वांनी मिळून केले आणि शेजारच्या वर्गाची तक्रार आली. एका मुलीने पुस्तक परत करताना विचारले, याचा गेम का नाही? तिला सांगण्यात आले, की अजून कोणी केला नाही. तिने थोडा विचार केला आणि गेम झालाच तर बनेश पाचवीतच असू द्या, एवढे बजावून पुढचे पुस्तक नेले.